राजाचं ध्यान कोणी मोडलं?

महिपतराजाचं ध्यान काही केल्या लागेना.

एक साधू येऊन सांगून गेला होता, "राजा, रोज पहाटे डोळे मिटून स्वस्थ बस. गडबड थांबली की ध्यान आपोआप लागतं. आणि देवाचा प्रसाद आल्याशिवाय तोंडात घास घालू नकोस." साधू पुढच्या गावाला गेला आणि इकडे राजाने गडबड थांबवायला घेतली.

आधी वाड्यावरची कबुतरं हाकलली. मग बैलांच्या घुंगरमाळांत कापूस कोंबला. तळ्यातले बेडूक मडक्यांत भरून शेजारच्या राज्यात सोडून आले. पापड मोडायला बंदी झाली. बायकांची पैंजणं पेटीत गेली. लग्नं कुजबुजत लागू लागली. एका लग्नात तर मंगलाष्टकं कुणाला ऐकूच आली नाहीत आणि अक्षता पडल्या त्या थेट जेवायला बसलेल्या नवरदेवाच्या कढीत.

तरी ध्यान लागेना. राजाने डोळे मिटले रे मिटले की, धडाड धूम! देवळातला नगारा.

हा नगारा सिदबा गुरव वाजवायचा. नगाऱ्याने देव उठायचा, मग देवळाचं दार उघडायचं, मग पूजा, मग नैवेद्य, आणि त्यातलाच प्रसाद राजवाड्यावर जायचा. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सिदबाच्या टिपऱ्या त्याच्या पणजोबांच्या हातांनी काळ्या झालेल्या होत्या.

राजाने सिदबाला नगाऱ्यासकट दरबारात बोलावलं. "हाच माझं ध्यान मोडतो. बुडवा याला नदीत!"

नगाऱ्याला की आपल्याला, हे न कळून सिदबा चळचळा कापू लागला. त्याच्या पाठीआड त्याची मुलगी उभी होती, ठकू. ही पोर इतकी भित्री, की स्वतःच्या शिंकेला दचकायची. पण नगारा नदीत म्हटल्यावर तिच्या तोंडून निघूनच गेलं, "महाराज, ध्यान नगारा नाही मोडत."

"मग कोण मोडतं?" राजा गरजला.

ठकू टुणकन उडाली आणि बापाच्या पायावर उतरली. "ते... ते बघावं लागेल."

"अगं, गप्प बस," सिदबा कळवळत पुटपुटला. पाय की पोर, कुणासाठी, देव जाणे.

राजाला मात्र मजा वाटली. "ठीक आहे. उद्या नगारा वाजणार नाही. माझं ध्यान लागलं, तर नगारा नदीत. मोडलं, तर मोडणाऱ्याला पकडून माझ्यासमोर उभा कर. तो कोणीही असो, त्याची रवानगी वेशीबाहेर. आणि नाही सापडला, तर तुम्ही बापलेक वेशीबाहेर."

"उद्या नगारा अगदीच वाजवायचा नाही ना, महाराज?"

"टिपरी नुसती टेकलीसुद्धा नाही पाहिजे."

"बरं," ठकू म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत वाटेत तिला हसू आवरेना.

"वेड लागलं का गं तुला?" सिदबा म्हणाला. "गाव सुटायची वेळ आली आणि दात काढतेस?"

"आबा, उद्या तुम्ही सकाळी उशिरापर्यंत झोपा."

दुसऱ्या दिवशी नगरीत चिडीचूप. राजा पाटावर बसला, पाठ ताठ केली, डोळे मिटले. पहाट सरली. ऊन अंगणात आलं, ओसरीवर आलं. राजा हलला नाही. कालपासून तिथेच कोपऱ्यात ठेवलेल्या नगाऱ्याशेजारी ठकू आणि उशिरा उठून आलेला सिदबा उभे होते. प्रधान रंगोपंत दाराशी खुशीत बसले होते. आज लागलंच ध्यान!

आणि एवढ्यात...

गुर्रर्र... गुड्डुम.

राजाने खाडकन डोळे उघडले. "कोण ते?"

"वाघ!" रंगोपंत खांबाला बिलगले.

शिपाई धावले. पडदे झटकले, पलंगाखाली भाले खुपसले. एक मांजर निघालं, पण ते बिचारं झोपेत होतं. पुन्हा आवाज आला. गुर्रर्र! सगळ्यांच्या आधी ठकूने उडी मारली, मग धीर करून म्हणाली, "सापडला, महाराज."

"कुठे आहे?"

"तुमच्यापाशीच."

"पाटाखाली?"

"पाटाच्या वर." तिने दबकत बोट दाखवलं. "उपरण्याच्या आत. तुमचं पोट."

शिपायांनी भाले पोटाकडे वळवले, आणि राजाचा चेहरा पाहून झटकन खाली घेतले.

"अरे, पण आज माझा प्रसाद कुठे आहे?" राजा ओरडला.

"नैवेद्यच झाला नाही, महाराज. पुजारीबुवा ताट घेऊन देवळाबाहेर उभे आहेत. दार बंद आहे."

"उघडायला काय झालं?"

"देव उठला नाही अजून."

"का नाही उठला?"

ठकूने नुसतं कोपऱ्यातल्या नगाऱ्याकडे पाहिलं. मग सगळ्या दरबाराने पाहिलं. शेवटी राजानेही पाहिलं.

"आता हुकमाप्रमाणे पोटाला वेशीबाहेर धाडायचं," ठकू हलकेच म्हणाली. "तुम्ही हवं तर इथेच राहा, महाराज."

रंगोपंतांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. हसू दाबताना निघतो तसा.

"माझं पोट माझ्याशिवाय जाणार कसं?"

"मग माझे आबा नगाऱ्याशिवाय कसे राहतील, महाराज? आणि देव तरी?"

राजाने पोटावर हात ठेवला. पोट पुन्हा गुरगुरलं. आणि राजा असा खदाखदा हसत सुटला, की हाकललेली कबुतरं परत आली असावीत म्हणून शिपाई आभाळाकडे बघू लागले.

"वाजव रे सिदबा! दणकून वाजव. देव उठायच्या आधी माझा जीव जाईल!"

धडाड धूम! देव उठला, दार उघडलं, नैवेद्य झाला, प्रसाद धावतच वाड्यावर आला. गल्लोगल्ली पापड मोडले गेले. जेवून तृप्त झालेला राजा सायंकाळी पाटावर बसला. देवळात नगाऱ्यावर आरती रंगात आली होती, आणि तो केव्हा हरवला, त्याचं त्यालाही कळलं नाही. आरती संपल्यावर रंगोपंतांनी हलवून त्याला भानावर आणलं.

राजाने ठकूला बोलावून चांदीची पैंजणं दिली. ठकूने ती तिथेच पायांत घातली, एक पाऊल टाकलं. छुम्!

"अगंबाई, कोण आलं?" म्हणून तिने वळून पाहिलं, आणि राजाने हसता हसता पोट धरलं.