धुराड्यातली पाकोळी

एका राज्यात थंडीचा हुकूम राजाच्याही वर चाले. पाने गळाली की बर्फ येई, तो नव्या पालवीपर्यंत हटत नसे. म्हणून घरोघरी भिंतीत चूल आणि चुलीवर उंच धुराडे. आणि गंमत अशी, की ज्याच्या धुराड्यात काजळी जाड, ते घराणे मोठे! सोयरीक जुळवताना पत्रिका मागाहून. आधी वरपिता धुराड्यात डोके घाली आणि काळ्या तोंडाने, प्रसन्न होऊन बाहेर येई.

हे वेड भस्मानंद मांत्रिकाने लावलेले. राजाच्या पणजोबांना तो म्हणाला होता, "काजळी उतरवू नका, कीर्ती वाढेल." कीर्ती वाढली. त्या काजळीत एक काळा नाग निजला आहे, हे तो बोलला नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

राजा वज्रबाहूची एकुलती कन्या कुमुदवती, जिवाची फार भित्री. वाटी पडली तरी किंचाळे. प्रधान भरसभेत म्हणे, "आमच्या राजकन्येला मांजर शिंकले तरी भूकंप वाटतो!" सभा हसे, राजाही हसे, आणि कुमुदवती पदराचे टोक चावत बसे.

राजवाड्याच्या धुराड्यात, अगदी वरच्या कपारीत, एका पाकोळीचे घरटे होते. ती पाखरू असून माणसासारखी बोले. आणि कुमुदवतीशीच बोले, कारण दुसरे कुणी थांबून ऐकत नसे.

एकदा पाकोळी म्हणाली, "राजकन्ये, ओली लाकडे जाळू नका. ओल्या लाकडाचा धूर म्हणजे नागाला दूध."

"आत्ता तातांना सांगते," म्हणून कुमुदवती सभेकडे निघाली. दारात पहारेकऱ्याचा भाला खणकन पडला, ती किंचाळली, सभा खो खो हसली. ती तशीच परतली.

पुन्हा पाकोळी म्हणाली, "काजळी हातभर झाली. झाडून काढा."

"उद्या सांगते ग."

तिसऱ्यांदा पाकोळीचा आवाज बारीक झाला होता. "नाग कूस बदलतो आहे. जागा झालाच, तर ओरडून सगळ्यांना बाहेर काढा आणि ओल्या घोंगडीने चुलीचे तोंड झाका. वारा तुटला की तो मरतो."

"मग तू उडून का जात नाहीस?"

"पिलांना अजून पंख फुटायचे आहेत. तू सांगशील ना?"

"सांगेन."

नाही सांगितले. त्या दिवशी परराज्याचे पाहुणे आले होते; त्यांच्यादेखत हसे कशाला, असे तिला वाटले. मेजवानीसाठी चुलीत ताजी, ओली लाकडे रचली गेली. धुराड्यात घोंघों आवाज सुरू झाला, जसे काही वादळच त्यात कोंडले आहे. कुमुदवती दचकली. आणि जन्मात पहिल्यांदा तिने किंकाळी गिळली.

तेवढ्यात धुराड्याच्या विटा लाल झाल्या. कुणीतरी छपरावर धावले आणि वरून घागर ओतली. तापलेल्या विटा तडकल्या आणि त्या फटीतून आगीचा नाग सभेत उतरला. त्याने राजावर फुत्कार टाकला. राजा बसल्या जागी राखेचा पुतळा झाला, आणि नाग परत काजळीत जाऊन निजला. राज्यातल्या साऱ्या चुली विझल्या. धुराड्यातून कुणी बोलेना.

प्रधानाने दारे-खिडक्या लावून घेतल्या, कारण झुळूक आली असती तर राजा विस्कटला असता.

काजळीचे वेड लावणारा भस्मानंद अजून डोंगरावर जिवंत होता; कुमुदवती डोंगर चढून त्याच्याकडे गेली.

"शाप मागे घ्या," ती म्हणाली.

"शाप मी दिला, पोसला तुम्ही," मांत्रिक म्हणाला. "तीन कामे कर. नागाला आवडणार नाही असे लाकूड आण. त्याचे अंथरूण काढ. आणि तो पुन्हा उठला, की तेव्हा जे केले नाहीस ते कर."

तिने रानोमाळ हिंडून वाळकी लाकडे वेचली, एकावर एक ठोकून पाहिली. टणटण वाजली ती घेतली, बद्द वाजली ती टाकली. मग पदर खोचून धुराड्यात शिरली आणि खराट्याने काजळी उतरवू लागली. वरच्या कपारीत हात गेला. तिथे जळक्या काड्यांचे एक वाटीएवढे घरटे होते. त्यात कोण होते, हे तिने कुणाला कधी सांगितले नाही.

खाली उतरून तिने विटांच्या फटी मातीने लिंपल्या आणि वाळकी लाकडे पेटवली. उरलीसुरली काजळी धरून नाग सळसळत उठला.

"बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा!" कुमुदवती ओरडली. असे ओरडली, की तावदाने थरथरली. या वेळी कुणी हसले नाही. राखेचा राजा आसनासकट उचलून माणसे पळाली. तिने घोंगडी पाण्यात बुडवली आणि चुलीच्या तोंडावर दाबून धरली. नाग आत घुसमटला, तडफडला, आणि चिमूटभर राख होऊन पडला.

अंगणात राजाच्या गालावर रंग चढला. त्याने काजळीने माखलेली लेक पाहिली, सारी हकिगत ऐकली, आणि विचारले, "आधी का नाही सांगितलेस?"

"तुम्ही हसाल म्हणून."

राजाने तिच्या कपाळावरची काजळी पुसली. मग म्हणाला, "हसलो असतो, पोरी. पण हसत हसत झाडून घेतले असते."

त्या दिवसापासून बर्फ पडण्याआधी घरोघरी धुराडी झाडतात, वाळके लाकूडच जाळतात. धुराड्यांवर जाळ्या बसल्या. ठिणगी बाहेर जाऊ नये आणि पाखराने आत घरटे करू नये म्हणून. तो हुकूम कुमुदवतीनेच काढला. आणि त्याच संध्याकाळी वळचणीला तिने स्वतःच्या हाताने मातीचा एक कोनाडा केला.

ती अजूनही दचकते. ती दचकली की प्रधान आधी उठतो आणि धुराड्याला कान लावतो. "काही नाही, राजकन्ये," म्हणतो. तिलाही ठाऊक असते, आत काही नाही.

नाग मेला, चुली पेटल्या, राज्य सावरले. कोनाडा तेवढा रिकामा राहिला.