कौलाची पिटकुळी

कातळखोलच्या पावणाईच्या देवळाकडे चढताना उजव्या हाताला जो लाल उतार दिसतो, तो रानाचा नव्हे. तिथलं एकेक झुडूप कुणीतरी हातानं लावलेलं आहे. पिटकुळी म्हणतात तिला. बारीक नळीच्या फुलांचे भरगच्च गुच्छ येतात, आणि बहरली की पान दिसू देत नाही. येणारा पाहुणा हमखास फांदी मोडायला हात पुढे करतो. देवळातला म्हातारा गुरव त्याच्यावर ओरडत नाही. "मोडा," एवढंच म्हणतो, "पण मगे लावूक होयी, आणि जगवूक होयी." हात आपोआप मागे येतो. मग पाहुणा पायरीवर टेकतो आणि गुरव त्याला मनकर्णेची गोष्ट सांगतो.

फार पूर्वी इथं पिटकुळीचं एकच झाड होतं, देवळाच्या दारातलं. ते राखायचं काम मनकर्णेचं. ही भिवा गुरवाची बायको. पावसाच्या तोंडावर झाड छाटायचं, बुंध्याशी शेणखत घालायचं, तांबड्या मुंग्या लागल्या की राख मारायची, आणि उन्हाळ्यात खालच्या विहिरीवरून कमरेवर घागर आणायची. कातळावरच्या वीतभर मातीत झाड जगवणं म्हणजे पोर जगवण्यासारखंच. मनकर्णेनं दोन्ही जगवलं होतं. तिचा एकुलता मुलगा धाकू ऐन विशीत होता.

पिटकुळीच्या कळ्या लागत त्या कौलाला. कुणाला देवीला काही विचारायचं असलं की भिवा पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवी. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या खुडून पानावर मांडून द्यायची मनकर्णा. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट उमगली होती. उमलायला आलेली भरली कळी लवकर गळते, कोवळी कळी चिकटून राहते. मग ती पानाच्या उजव्या बाजूला भरली कळी ठेवू लागली आणि डाव्या बाजूला कोवळी. भिवा जशा मांडल्या तशा लावी. यात तिच्या मनात पाप काही नव्हतं. माणसं अनवाणी डोंगर चढून येत, त्यांना रडत परत कशाला पाठवा? होकार घेऊन उतरणारा माणूस पावलं हलकी टाकतो, एवढंच तिला ठाऊक. पावणाई नाही म्हणत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती झाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असा प्रकार. गावाला मिरवायला बरं वाटे.

एका वैशाखात खालची विहीर आटली. तळ खणल्याशिवाय पाणी लागेना. गावकर राणोजी चार माणसं घेऊन देवळात आला. आत उतरावं की नाही, असा कौल लावायचा होता. त्याच सकाळी धाकू विहीर बघून आला होता आणि आईला म्हणाला होता, "आये, काठाची माती सुटल्या गो. उतरणाऱ्याचा काय खरा नाय."

ते मनकर्णेनं ऐकलं होतं. पण हात कुठं ऐकतो? त्यानं रोजच्यासारखी भरली कळी उजवीकडे ठेवली. कळी टपकन पडली. देवीचा होकार मिळाल्यावर भ्यायचं कशाला, म्हणून सगळ्यांच्या आधी धाकू उतरला. गुरवाचाच पोर तो, देवीच्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवायचा नाही तर कुणी? दुपारी काठ ढासळला. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या मुठीत ओली माती होती, म्हणे. पाणी लागलं होतं.

गाव मनकर्णेभोवती जमलं. देवीनं पाणी दिलं आणि मोल घेतलं, असं म्हातारे म्हणाले. तिला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर तिचं तोंड उघडलं असतं. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत, "रड गो बाये, हलका वाटात." ती रडली नाही. तिला दुःख होत नव्हतं, भीती वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं. पुढ्यात पेज ठेवली तर प्यायची, उचलून नेली तर विचारायची नाही. सुतक फिटलं तशी ती घागर घेऊन झाडाकडे गेली, कारण ती वेळ पाण्याची होती. एकदा तिचा हात चुलीवर भाजला. कातडीचा वास आल्यावर तिनं तो मागे घेतला.

मिरगाचा पाऊस पडला आणि माणसं पुन्हा कौलाला येऊ लागली. पहिली आली पलीकडच्या गावची एक तरुण बाई. तिचा नवरा गलबतावर गेला होता, तो येईल का, हे तिला विचारायचं होतं. मनकर्णा झाडाशी गेली. बोटं आपणहून भरल्या कळीकडे वळली. ती थांबली. मग घरात गेली, कोयता आणला आणि झाड गुडघ्याइतकं ठेवून सगळं छाटून टाकलं. कळ्यांसकट.

राणोजी धावत आला. "मनकर्णे, देवीची वाचा बंद केलंस!"

मनकर्णेनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिनं बोटभर जाडीची एक फांदी पेराच्या डोळ्याखालून तिरकी कापली आणि त्या बाईच्या हातात दिली.

"ह्यां लाव. फुलात तेवा डोळे मिटून तुझ्याच हातान कळे काड. मगे इचार."

"आणि तवसर?" बाई रडवेली झाली.

"तवसर पाणी घाल."

गावानं शिव्या दिल्या, पण कळ्याच उरल्या नाहीत म्हटल्यावर करतो काय? अडला हरी. ज्याला विचारायचं होतं त्यानं उतारावर फांदी लावली. काही सुकल्या, काही गुरांनी खाल्ल्या, काही जगल्या. त्या बाईची जगली. फुलायच्या आत तिचा नवरा घरी आला, आणि नवऱ्यानं दुसरीकडे नेलं तेव्हा तिनं झाड नणंदेच्या हवाली केलं.

मनकर्णेनंही एक फांदी लावली होती, खालच्या विहिरीच्या ढासळलेल्या काठाशी. तिला एकच विचारायचं होतं. माझ्या हातानं गेला का? पहिली फांदी उन्हानं करपली. तिनं दुसरी लावली. तिला सावली केली, पाणी घातलं, मुंग्या झाडल्या. हे सगळं ती झोपेतल्यासारखी करत होती. तिसऱ्या वर्षी त्या झाडाला पहिला गुच्छ धरला.

डोळे मिटून खुडलेल्या दोन कळ्या घेऊन ती गाभाऱ्याशी गेली. भिवानं त्या हातात घेतल्या. काय विचारू, म्हणाला. तेव्हा तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं, पानावर कळ्या कशा मांडत होती ते. आवाज सपाट होता, बाजाराचा निरोप सांगावा तसा.

भिवानं कळ्यांवर मूठ मिटली.

"माका ठावक होता," तो म्हणाला. "इतकी वर्सां कळे लावतंय. भरलेलो खयचो, ता बोटांका समाजता. त्या दिसाय समाजला. धाकू बाजूक उबो होतो, आणि मी लावलंय."

"तुमी बोललात नाय?"

"सगळ्यांका 'होय' ऐकूक बरा वाटा. माकाय वाटा."

मनकर्णेला राग आला. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा काही वाटलं ते हे. तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं, मारतच राहिली, आणि त्यानं तिला अडवलं नाही. मारता मारता तिला रडू फुटलं. खालच्या वाडीत नाचणी कापणाऱ्या बायकांनी तो आवाज ऐकला आणि विळे खाली ठेवले, असं सांगतात. ती त्याच्या खांद्याला धरून रडली आणि तोही रडला. धाकू गेल्यापासून दोघं एका घरात राहत होती, पण एकमेकांजवळ आली ती त्या दिवशी.

रडणं ओसरल्यावर भिवानं मूठ उघडली. कळ्या तशाच होत्या.

"इचारू, की रवांदे?"

"रवांदे," मनकर्णा म्हणाली, आणि तो प्रश्न तसाच राहू दिला.

आजही कातळखोलात दारच्या झाडाच्या कळ्यांनी कौल लागत नाही. ज्याला विचारायचं असेल त्यानं उतारावर पिटकुळी लावायची आणि ती फुलेपर्यंत धीर धरायचा. कळ्या घेऊन तो गाभाऱ्याशी आला की गुरव त्या ओंजळीत घेतो आणि आधी त्यालाच विचारतो, "इचारू, की रवांदे?" कुणी विचारा म्हणतात, त्यांच्यासाठी तो विचारतो. बाकीचे जरा वेळ उभे राहतात, कळ्या देवीच्या पायाशी ठेवतात आणि जाता जाता आपल्या झाडाला घागरभर पाणी घालून घरी जातात.