डोंगरबाईची माळ

फार फार वर्षांपूर्वी, लोखंड म्हणजे काय आणि चाक म्हणजे काय हे अजून कोणाच्या कानावरही आलं नव्हतं, तेव्हा निळ्याशार समुद्रात एक लहानसं बेट होतं. बेटावर चाळीस घरं होती. घरांपेक्षा शेळ्या जास्त होत्या आणि शेळ्यांपेक्षा दगड जास्त. त्या दगडांचंच एक देऊळ टेकाडावर उभं होतं, आणि त्याची एकेक शिला अशी की चाळीस घरांतले सगळे पुरुष भिडले तरी जागची हलू नये.

हे देऊळ कोणी बांधलं, असं विचारलं तर बेटावरचं शेंबडं पोरही सांगायचं, "डोंगरबाईनं!" डोंगरबाई म्हणजे डोंगराएवढी बाई. ती म्हणे समुद्रातून चालत आली. डोक्यावर शिला, हातात टकळी, आणि चालता चालता सूत कातणं चालूच. एका दिवसात तिनं देऊळ उभं केलं. शेवटची शिला ठेवायला ती वाकली, तेवढ्यात गळ्यातली माळ तुटली आणि मणी टेकाडभर सांडले.

ते मणी बेटावर घरोघरी होते. दगडाचे, वाटोळे, तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढे. प्रत्येक घरात कोनाड्यात एक मणी असायचा. वर्षातून एकदा त्याला गेरूचा लेप द्यायचा, पुढे मूठभर भिजवलेले वाटाणे ठेवायचे, आणि काही झालं तरी तो जमिनीला लागू द्यायचा नाही, अशी रीत होती. माळेचं पदक मात्र बेटाच्या कारभाऱ्याच्या घरी होतं. त्या कारभाऱ्याला सगळे 'थोरले' म्हणत. ते पदक मण्यांहून दुप्पट मोठं, बुडाला चपटं आणि वर मधोमध खळगा असलेलं. तो खळगा म्हणजे साक्षात डोंगरबाईच्या अंगठ्याचा ठसा, असं थोरले सांगायचे, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

या देवळाची झाडलोट एक बाई करायची. उंचीनं ती इतकी कमी होती की तिला सगळे ठेंगणी म्हणत. तिचं खरं नाव बहुधा तीही विसरली असावी. पहाटे उठायचं, रानझुडपांच्या काड्यांचा खराटा घ्यायचा आणि देवळाचा कोपरान् कोपरा झाडून काढायचा, हे तिचं काम. कोणी तिला कधी काही विचारत नसे, त्यामुळे तिला विचार करायला भरपूर वेळ मिळायचा.

आता त्या देवळाची एक खुबी सांगायला हवी. त्या बेटावर पाऊस उन्हाळा संपल्यावर, थंडीच्या आधी यायचा. त्या पावसाच्या तोंडावर, दिवस आणि रात्र सारखी होतात त्या सकाळी, सूर्याची पहिली तिरीप दारातून थेट आत शिरायची आणि अगदी मागच्या शिलेवर पडायची. ती तिरीप पडली की थोरले शिंग फुंकायचे, आणि सगळं बेट एकाच दिवशी जव पेरायला लागायचं. त्यानंतर आठवड्याभरात पाऊस यायचाच. कित्येक पिढ्या हे असंच चाललं होतं, आणि कणग्या भरलेल्या होत्या.

मग एके वर्षी धरणीकंप झाला. घरं तगली, शेळ्या वाचल्या, पण देवळाच्या दारावरची आडवी शिला खाली आली आणि दारातच आडवी पडून राहिली. दार बंद झालं, तिरीप बंद झाली.

तुम्ही म्हणाल, मग बाहेर उभं राहून सूर्य बघायचा! बघितला की. पण जो तो आपापल्या अंगणातून बघायचा, आणि ज्याचा त्याचा सूर्य वेगळ्याच खडकामागून उगवायचा. पहिल्या वर्षी लोकांनी घाई केली. बी उन्हात करपलं आणि उरलेलं पाखरांनी वेचलं. दुसऱ्या वर्षी उशीर केला. बी पाण्यात कुजलं. तिसऱ्या वर्षी प्रत्येकानं आपल्या मनानं पेरलं आणि एकमेकांशी बोलणं सोडलं.

"डोंगरबाई येईल," थोरले म्हणायचे. "तिची शिला तीच उचलेल. आपण माणसं. आपल्या हातून काय होणार?" आणि लोक मण्यांपुढचे वाटाणे दुप्पट करायचे.

चौथ्या वर्षी मात्र वाटाणेही संपत आले.

तिरीप पडायच्या दिवसाला नऊ दिवस राहिले होते. ठेंगणीची लेक तान्ही मुलगी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं बियाण्याच्या रांजणात हात घातला तो खांद्यापर्यंत आत गेला.

"आई," ती हळूच म्हणाली, "यातलं मूठभर दळू का गं? अंगावर दूध येत नाही. ही रडून रडून निजते."

दळलं तर आज भागेल, पण पेरायला काय उरणार? आणि पेरलं, पण पुन्हा दिवस चुकला, तर रांजणच काय, पाळणाही रिकामा होईल. "आजच्यापुरतं एक मूठ दळ," ठेंगणी म्हणाली. "उद्या पुन्हा नको विचारूस." आणि डोळे पुसत ती खराटा घेऊन टेकाड चढली.

दारातल्या शिलेवरून चढून ती आत उतरली. झाडता झाडता एका उभ्या शिलेच्या बुडाशी खराटा अडकला. तिथे बोटभर उंचीची फट होती. वर्षानुवर्षं तिथे माती साठली होती, ती धरणीकंपानं मोकळी झाली होती. ठेंगणी पालथी पडली. अशी कामं ठेंगण्या माणसांना बरी जमतात. तिनं माती उकरून आत हात घातला, तर बोटांना काहीतरी गोल लागलं.

मणी! आणि त्याच्यामागे आणखी एक. दोन्ही गच्च बसलेले, वर अख्खी शिला.

ती उठून बसली आणि विचार करू लागली. माळ तुटली तर मणी आजूबाजूला पडतील, फार तर शिलेच्या वर पडतील. शिलेखाली कसे जातील? शिला आली तेव्हा ते आधीपासूनच खाली असणार! ती पुन्हा पालथी पडली. या मण्यांना कोणी कधी गेरू लावला नव्हता. त्यांच्या उघड्या अंगावर ओरखडे होते, एकाला एक लागून, पट्ट्यापट्ट्यांचे. दळून दळून पाट्यावर पडतात तसेच.

ठेंगणी घरी धावत गेली. कोनाड्यातला मणी उतरवला आणि लेक "अगं आई, अगं आई" म्हणत असताना त्याचा गेरू खरवडून काढला. बारा पिढ्यांचा लेप तो! त्याच्याखाली तेच ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशी तिनं देवळापुढच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. झाडणारीनं बोलावलं म्हणून काहींनी नाकं मुरडली, पण रिकाम्या पोटी दुसरा उद्योग तरी कोणता? सगळे आले. थोरलेही आले.

ठेंगणीनं घरातले शेवटचे दोन मुठी सुके वाटाणे सपाट खडकावर पसरले. त्यावर दळायचा पाटा ठेवला. पाट्यावर आपल्या नातीला बसवलं आणि एका बोटानं ढकललं. पाटा सुळ्ळकन घरंगळत गेला आणि नात खुदकन हसली. किती दिवसांनी हसली होती ती!

"आपल्या पूर्वजांनी देऊळ असं बांधलंय," ठेंगणी म्हणाली. "हे मणी माळेचे नाहीत. शिला वाहायचे आहेत. शिलेखाली घालायचे आणि ओढायचं. घरोघरचे मणी खाली आणा. दारातली शिला आपण काढू."

थोरले पुढे आले.

"ठेंगणे," ते म्हणाले, "मणी जमिनीला लागला तर बेट बुडेल. माझ्या आजोबांनी सांगितलंय."

"थोरले, तुमचा मान मोठा आहे," ठेंगणी म्हणाली. "पण बेट तर बुडतंच आहे. पाण्यात नाही, भुकेनं."

आणि तिनं ओच्यात आणलेला आपला मणी उचलला. ती काही फार धीट बाई नव्हती. तिनं डोळे मिटले आणि मणी खडकावर ठेवला. चाळीस घरांची माणसं समुद्राकडे बघू लागली. समुद्र होता तिथेच होता. एक शेळी बें बें करून ओरडली, तेवढंच.

त्या दिवशी आणखी कोणी मणी आणला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीच्या सासरचा मणी आला. तिसऱ्या दिवशी पाच आले, चौथ्या दिवशी सतरा. जे शेजारी तीन वर्षं बोलत नव्हते ते मणी काखोटीला मारून एकाच वाटेनं टेकाड चढले आणि बोलल्याशिवाय राहवेना म्हणून बोलले. सातव्या दिवशी अंगणात एकोणचाळीस मणी झाले. फक्त थोरल्यांचं पदक आलं नाही.

पण मणी असून भागत नव्हतं. ते शिलेखाली घालायचे तर शिला आधी वीतभर उचलायला हवी. आठव्या दिवशी ऑलिव्हच्या खोडाचा लांब वासा आणला. त्याच्याखाली टेकू म्हणून दगड ठेवला आणि दहा जण वाशाच्या टोकाला लोंबकळले. दगडाचा चुरा झाला, कारण त्या बेटाचा दगड भुसभुशीत. दुसरा ठेवला, त्यावरून वासा घसरला आणि एकाचा पाय थोडक्यात वाचला. तिसरा फुटला, चौथा फुटला. उद्या सकाळी तिरीप पडायची होती आणि दुपार कलत आली होती. माणसं मटकन खाली बसली.

"झालं," कोणीतरी म्हणालं. "डोंगरबाईशिवाय नाही व्हायचं हे."

ठेंगणीच्या डोळ्यांपुढे तो रांजण येत होता. सात दिवस तिनं सगळ्यांना कोनाड्यापासून टेकाडापर्यंत आणलं होतं, आणि आता सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

थोरले सकाळपासून एका बाजूला उभे राहून बघत होते. चौथा दगड फुटताना त्यांनी पाहिला, वासा कुठे घासतो ते पाहिलं, आणि टेकाड उतरून गेले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा रुसला.

थोड्या वेळानं ते परत आले. छातीशी काहीतरी कवटाळलेलं, अंगरख्यावर गेरूचे लाल डाग, हाताची नखं तुटलेली. त्यांनी पदक ठेंगणीपुढे धरलं. गेरू सगळा खरवडलेला होता. दगड काळपट, घट्ट, बेटावरच्या कुठल्याही दगडासारखा नव्हता.

"बूड चपटं, म्हणजे डळमळायचं नाही," थोरले म्हणाले. "आणि हा अंगठ्याचा ठसा नाही, ठेंगणे. हा वाशाचा आहे. मी सत्तर वर्षं एका वाशाच्या खुणेला नमस्कार करत होतो."

"त्यात काय चुकलं, थोरले?" ठेंगणी म्हणाली. "नमस्कार करण्यासारखीच खूण आहे ती. ठेवा तुमच्या हातानं."

थोरल्यांनी गुडघे टेकून पदक जमिनीवर ठेवलं. वासा खळग्यात असा बसला जसा काही कालच तिथून काढला होता. दहा जण लोंबकळले. शिला कुरकुरली, आणि वीतभर वर आली!

"मणी!" ठेंगणी ओरडली आणि स्वतःच पालथी पडून एकेक मणी आत सारू लागली. मग दोर बांधले. बायका, पुरुष, म्हातारे, ज्याला उभं राहता येतं तो प्रत्येक जण दोराला लागला. थोरल्यांनी शिंग फुंकलं. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही, दुसऱ्याला दोर कण्हले, आणि तिसऱ्याला ती प्रचंड शिला गडगडत, एखाद्या आज्ञाधारक गाईसारखी, अंगणात चालत आली. मागचे सुटलेले मणी पोरं उचलून पुढे नेत होती, लोक ओढत होते, रडत होते, हसत होते. पंचवीस पावलं गेल्यावर ठेंगणीनं हात वर केला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की थांबायचं आहे.

दार उघडं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं बेट देवळात उभं होतं. समुद्राच्या कडेला लाली आली. मग सोनेरी तिरीप दारातून आत शिरली, ठेंगणीनं झाडलेल्या फरशीवरून सरकत गेली आणि मागच्या शिलेवर नेमकी स्थिरावली. थोरल्यांनी शिंग ओठांशी नेलं आणि परत खाली घेतलं. त्यांनी ते ठेंगणीच्या हातात दिलं. तिनं फुंकलं, जरा बेसूर, पण समुद्रापलीकडे ऐकू जाईल असं.

चाळीस घरांनी एकाच दिवशी पेरलं. सहाव्या दिवशी पाऊस आला, आणि त्या वर्षी जव इतका आला की ठेंगणीच्या लेकीला रांजण कमी पडले. पुढच्या उन्हाळ्यात मातीचा उतार रचून लोकांनी ती शिला पुन्हा दारावर चढवली. मणी मात्र कोनाड्यात परत गेले नाहीत. ज्याला घर बांधायचं असेल त्याच्या अंगणात एकोणचाळीस मणी आणि एक पदक हजर, अशी नवी रीत पडली.

"मग आजी, डोंगरबाई खोटीच का गं?" चार वर्षांनी नातीनं विचारलं.

"खोटी कशी?" ठेंगणी म्हणाली. "मी तिला डोळ्यांनी पाहिलंय. चाळीस घरांचं बळ एका दोराला लागलं ना, तेव्हा ती आमच्यातच उभी होती."

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढंच लक्षात ठेवा: पूर्वजांचं देणं नुसतं पुजून फळत नाही, ते सगळ्यांनी मिळून कामाला लावलं, की पूर्वजांचं बळ आपल्यात येतं.