पागोट्यात बसलेली कोंबडी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या काळी कोंबड्या माणसांशी बोलायच्या. आता बोलत नाहीत. माणसाशी बोलत बसलं की तेवढ्यात दुसरीच येऊन दाणे टिपून जाते, हे त्यांना पुढे कळलं.

तर दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावात दूध बेताचं, धान्य बेताचं, पण अंडी मात्र अशी, की फोडलं तर आतला बलक झेंडूच्या फुलासारखा. घरोघरी डालगी, दारोदारी कोंबड्या. बायकांची रीत ठरलेली होती. आलेल्या अंड्यांचे तीन वाटे करायचे. एक वाटा पोरांच्या पोटात, एक बाजारात, आणि एक खुडूक कोंबडीच्या पोटाखाली.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे तिला आई व्हायची ओढ लागते. ती अंडी घालायचं सोडते, पिसं फुलवून एका जागी बसते आणि जवळ येईल त्याला टोचते. अशा वेळी तिच्याखाली अंडी ठेवायची, धीर धरायचा आणि तीन आठवड्यांनी पिल्लं मोजायची. त्या गावात हे असंच चालत आलेलं. त्यामुळे बाजारात एका अंड्याला मूठभर मीठ मिळायचं. देणारा खूश, घेणारा खूश, आणि कोंबडीही बरीचशी खूश.

या गावचे पाटील मोठे रुबाबदार. दरबारात जाताना डोक्यावर लाल जरीकाठी पागोटं आणि ओठांवर अशी मिशी, की पाटील दारातून आत यायच्या आधी मिशी आत यायची. रोज सकाळी ते तिला लोणी चोळून पीळ द्यायचे.

पाटलीणबाई म्हणायच्या, "घरात भाकरीला लोणी नाही, आणि मिशीला मात्र रोज दोन बोटं!"

पाटील म्हणायचे, "अगं, भाकरी आपण घरात खातो. मिशी सारं गाव बघतं."

त्या राज्याच्या राजाला कुस्तीचा भारी नाद. त्याच्या तालमीत म्हशीएवढे पैलवान होते. या गावच्या अंड्यांची कीर्ती राजाच्या कानावर गेली आणि त्यानं पाटलांना दरबारात बोलावलं.

"पाटील, माझ्या पैलवानांना दर बाजाराच्या दिवशी गाडीभर अंडी मिळतील का?"

शहाण्या माणसानं म्हटलं असतं, की महाराज, घरी जातो, बायकांना विचारतो, कोंबड्यांना विचारतो, मग सांगतो. पण पाटलांचा हात मिशीवर गेला होता, आणि हात मिशीवर गेला की पाटलांची जीभ सैल सुटायची.

"गाडीभर म्हणजे काय महाराज! वर्ष जाऊ दे, दोन वर्षं जाऊ दे, एका बाजाराला जरी गाडी रिकामी आली, तर ही मिशी तुमच्या न्हाव्याच्या हवाली!"

कोपऱ्यातल्या न्हाव्यानं मिशीकडे एकदा नीट बघून घेतलं.

राजानं भावही चांगला दिला. एका अंड्याला शेरभर जोंधळे! गाव हरखून गेलं. पहिल्या बाजाराला गाडी भरली, दुसऱ्याला भरली, तिसऱ्याला पोरांच्या ताटातली अंडी उचलून भरली. चौथ्याला मात्र गाडीचा एक कोपरा मोकळा राहिला, आणि पाटील तडक घरी आले.

"काय गं, आपल्या कोंबड्या कमी का पडल्या?"

पाटलीणबाई म्हणाल्या, "चारदोन खुडूक झाल्यात. अंडी ठेवू का त्यांच्याखाली?"

"वेड लागलं का? बसवली की तीन आठवडे अंडं नाही. वर दोन महिने पिल्लांमागे भटकणार. तेवढ्यात माझी मिशी जाईल! नाकात पीस घाल."

खुडूक कोंबडीचं खूळ मोडायचा तो एक जुना उपाय. तिचंच एक पीस घ्यायचं आणि तिच्या नाकपुड्यांतून आरपार घालायचं. मग ती दिवसभर डोकं झटकत हिंडते, बसायचं विसरते आणि पुन्हा अंडी घालू लागते. एरवी दहातल्या एखादीला असं करायचे. आता दवंडी पिटली, की गावात एकही कोंबडी बसता कामा नये. झालं! आठ दिवसांत गावातल्या निम्म्या कोंबड्या नाकात पीस घालून मिरवू लागल्या. बांगड्या विकणारा कासार गावात आला तो बघतच राहिला.

"एवढ्या नथ घातलेल्या नवऱ्या! अहो, लग्न कुठं आहे?"

कोंबड्या चावडीवर तक्रार घेऊन गेल्या. त्यांच्यात गाठोडी नावाची एक कोंबडी होती. बसली की अगदी बोचक्यासारखी दिसायची म्हणून ते नाव. ती पाटलांच्याच घरची, त्यामुळे तोंडानं फटकळ.

"पाटील, आम्ही काय जन्मभर पुरणार आहोत का? आमच्यामागं कोण?"

पाटील म्हणाले, "मागचं मागं बघू. आज बाजार आहे."

असं एक वर्ष गेलं. दुसरं अर्धं गेलं. गाड्या जात होत्या, जोंधळे येत होते, आणि गावात चिवचिव म्हणून ऐकू येत नव्हती. कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. रोजचं अंडं दिवसाआड आलं, मग आठवड्याला आलं. त्यात पावसाळा सरता सरता मानमोड आली. हा कोंबड्यांचा वाईट रोग. सकाळी धडधाकट दिसणारी कोंबडी संध्याकाळी मान वाकडी करून पडायची. मानमोड यापूर्वीही यायची. पण तेव्हा गेलेल्यांच्या जागी तलंगा तयार असायच्या, तलंगा म्हणजे वयात आलेल्या तरण्या कोंबड्या. आता गेलेलीची जागा रिकामी ती रिकामीच.

मग अंड्याचा भाव असा चढला, की शेरभर जोंधळ्यांचे झाले पायलीभर, पायलीची झाली एक पितळी परात, आणि पुढे पुढे तर एका अंड्याला करडू मागू लागले. सोयरीक जुळवताना मुलाकडचे विचारू लागले, "सोनं राहू द्या हो, अंडी किती घालाल?" ज्याच्याकडे अंडं असेल तो ते लपवू लागला. एकीनं तर पाळण्यात ठेवून वर दुपटं घातलं आणि अंगाई म्हणू लागली. शेजारणी बारशाची वाट बघून थकल्या. गावच्या वाण्यानं, अजून भाव चढेल म्हणून, टोपलंभर अंडी ज्वारीच्या कणगीत पुरली आणि विसरला. एका दुपारी कणगीत फट् फट् आवाज झाला आणि असा वास सुटला, की वाणी, गिऱ्हाईक आणि दाराशी झोपलेलं कुत्रं तिघंही एकाच वेळी रस्त्यावर आले.

पाटलांनी चावडीवर गाव गोळा केलं.

"अंडी जातात कुठं? बोला!"

"मुंगूस खातंय," एक म्हणाला. चार दिवस गाव काठ्या घेऊन मुंगसामागे धावलं.

"कोंबडेच आळशी झालेत," दुसरा म्हणाला. त्यांना चावडीवर उभं करून समज दिली. पण ती नवऱ्यांना दिली तशी त्यांच्या बायकांनाही दिली, त्यामुळे घरोघरी भांडणं तेवढी लागली.

"दृष्ट लागली हो, दृष्ट!" तिसरी म्हणाली. मिरच्या ओवाळून जाळल्या. साऱ्या कोंबड्या शिंकल्या. नाकातली पिसं उडून पडली, ती पुन्हा घालावी लागली.

पाटलीणबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "या गावात शेवटचं पिल्लू कुणी बघितलं, तेवढं सांगा."

कुणालाच आठवेना. पण पाटील म्हणाले, "विषय अंड्यांचा चाललाय, तू पिल्लांचं काय काढलंस?" आणि सभा उठली.

पुढच्या बाजाराला गाडी आली आणि रिकामी परत गेली. दुसऱ्याच दिवशी राजाचा जासूद निरोप घेऊन दारात उभा. "पाटलांना बोलावलंय. असतील तेवढी अंडी घेऊन या. आणि मिशी आणायला विसरू नका."

पाटलांचा हात मिशीवर गेला, पण पीळ न देताच खाली आला. निदान पागोटं तरी झोकात बांधू, म्हणून ते माळ्यावर चढले. दरबारचं लाल पागोटं तिथं टोपलीत ठेवलेलं असायचं.

पागोट्यात गाठोडी बसली होती.

नाकातलं पीस तिनं जात्याच्या पाळीवर घासून काढलं होतं. पिसं फुलवून, जरीच्या काठावर मान टेकवून ती अशी बसली होती, की जणू पाटीलकी तिलाच मिळाली.

"ऊठ! माझं पागोटं आहे ते."

"हात लावाल तर बोट फोडीन, पाटील."

तिच्या पंखाखाली, तिनं आणि बाकीच्या कोंबड्यांनी तिथं चोरून घातलेली, दहाबारा अंडी दिसली आणि पाटलांचे डोळे चमकले. दहाबारा! राजाच्या पुढ्यात ठेवायला एवढी पुरे. कदाचित एवढ्यावर मिशी वाचेल. त्यांनी टोचून घेत घेत एक अंडं काढलंच.

गाठोडी ओरडली नाही. ती म्हणाली, "कानाला लावा."

पाटलांनी अंडं कानाला लावलं. आतून टिक् टिक् आवाज आला. मग अगदी बारीक, पाण्याखालून आल्यासारखी, चिव.

दीड वर्षात पाटलांनी तो आवाज ऐकला नव्हता. अंडं हातात धरून ते तसेच बसून राहिले. खालून पाटलीणबाईंनी हाक मारली, "अहो, मिळालं का पागोटं?"

पाटलांनी अंडं हळूच परत ठेवलं. मिशीवरून एकदा हात फिरवला. "नाही गं," ते म्हणाले, "पागोटं कामात आहे." आणि बोडक्या डोक्यानं, रिकाम्या हातानं दरबाराला निघाले.

आता बोडक्या डोक्यानं राजापुढे जायचं, म्हणजे घरात कुणीतरी वारलेलं असावं. राजा सिंहासनावरून अर्धा उठलाच.

"अरेरे! पाटील, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही महाराज. यायचंय."

आणि पाटलांनी पागोट्यातली गोष्ट सांगितली. दरबार खो खो हसला. पण राजा म्हणाला, "गोष्ट चांगली आहे, पाटील. पण शब्द तो शब्द." न्हावी तर वस्तरा परजून तयारच होता.

एक बाजू गेली, दुसरी गेली. पाटलांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं. न्हावी मनानं बरा होता. तो म्हणाला, "रडता कशाला, पाटील? मी काय उपटली का? वरची काढली. मूळ आहे की जागेवर. पाचसहा महिन्यांत पुन्हा पीळ द्याल."

पाटलांनी त्याचा हात धरला. "काय म्हणालास? पुन्हा म्हण!"

न्हावी घाबरून म्हणाला, "मूळ आहे म्हटलं, मूळ!"

पाटील राजाकडे वळले. बिनमिशीचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा दिसत होता, पण आवाज खणखणीत होता. "महाराज, हा माणूस आमच्या गावाला आधी भेटायला हवा होता. मुंगसानं काही केलं नाही, दृष्टीनं काही केलं नाही. मानमोडीनं केलं, पण तिनं निम्मंच केलं. बाकीचं आम्ही केलं. वरची अंडी काढायची सोडून आम्ही मूळच विकलं. आता गावाचं एकच मूळ उरलंय, आणि ते माझ्या पागोट्यात बसलंय."

राजाचं हसू मावळलं. "म्हणजे ते मूळ आम्हीच खाल्लं म्हणायचं."

"तुम्ही नुसतं मागितलंत, महाराज. हो मी म्हणालो."

राजानं पाटलांच्या उघड्या ओठाकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमची मिशी पूर्वीसारखी होईपर्यंत आमची गाडी येणार नाही. आणि त्यानंतर येईल ती, तुमच्या पोरांचा आणि पिल्लांचा वाटा काढून जे उरेल तेवढ्यापुरती." पैलवानांना भिजवलेले हरभरे देण्यात आले. त्यांनी ते रडतरडत खाल्ले.

पाटील घरी आले तर कुत्रं भुंकलं. पाटलीणबाईंनी पदर सावरला. "कोण पाहुणे? पाटील घरी नाहीत."

"अगं, मीच!"

पाटलीणबाईंनी नीट बघितलं आणि हसत हसत उंबऱ्यातच बसल्या. "चला! आता लोणी भाकरीला."

पाटील माळ्यावर चढले. पागोट्यातून पिवळी डोकी वर येत होती. एक पिल्लू जरीच्या काठात पाय अडकून ओरडत होतं.

गाठोडीनं विचारलं, "पाटील, मिशी कुठं?"

"दिली."

"कुणाला?"

"तुझ्या पोरांना."

गाठोडी जराशी सरकली. "मग उभे का? बसा की."

त्या दिवशी गावातल्या साऱ्या कोंबड्यांच्या नाकातली पिसं निघाली. खुडूक होईल ती बसू लागली. एकीकडे पिल्लं वाढू लागली, दुसरीकडे पाटलांची मिशी. पाणवठ्यावर बायका पाटलांच्या ओठाकडे बघूनच अंदाज बांधायच्या. "खुंट दिसायला लागले गं, पिल्लांना पंख फुटले असतील." "आता ओठ झाकला, तलंगा झाल्या!" आणि खरोखर, ज्या सकाळी पाटलांनी मिशीला पहिला पीळ दिला, त्याच सकाळी गाठोडीच्या लेकीनं पहिलं अंडं घातलं. भाव करडावरून परातीवर उतरला, परातीवरून शेरावर, आणि दोन हंगामांत पुन्हा मूठभर मिठावर आला. पाळण्यातल्या अंड्याची अंगाई थांबली. वाण्याच्या दुकानाचा वास मात्र जायला वेळ लागला.

पाटलांनी नवं पागोटं घेतलं. जुनं माळ्यावरच राहिलं. दर हंगामात पहिली अंडी त्यात जायची, आणि ते भरल्याशिवाय गावातलं एक अंडंही बाजाराची वाट धरायचं नाही.

म्हणून लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी ध्यानात धरावं: उद्याचं बीज विकून जो आजची गाडी भरतो, त्याची उद्याची गाडी रिकामीच जाते.