टाकीखालचा कट्टा

गाव लहान, पण नगरपरिषदेचा विकास आराखडा मात्र पंचवीस वर्षांचा. त्यात पाण्याच्या टाकीखालचा कट्टा पाडून वाहनतळ दाखवला होता. त्या कट्ट्यावर एकटी राहणारी म्हातारी माणसं रोज सकाळी जमत. कुणी आलं नाही, तर बाकीचे जाऊन त्याचं दार वाजवत. त्यांतल्या म्हादूतात्यांचं दार तर बायको गेल्यापासून या मंडळींशिवाय दुसरं कुणी वाजवलंच नव्हतं.

सभेत तात्यांनी हरकत घेतली, तसे नगराध्यक्ष दौलतराव हसले. "तात्या, पंचवीस वर्षांनी तुम्ही असणार आहात का?"

"मी कुठला असायला, अध्यक्षसाहेब! पण तुम्ही तेव्हा माझ्या वयाचे असाल. मुलगा तुमचा परदेशी. एखाद्या सकाळी तुम्ही उठला नाहीत, तर दार वाजवायला कोण येईल? गाड्या?"

दौलतरावांनी समोरचा आराखडा जवळ ओढला आणि हळूच खोडरबर मागितलं.