भाजलेल्या गव्हाचा घट

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक सून राहत होती. नवरा सुतारकामासाठी परगावी गेलेला, तो दसऱ्याला यायचा होता. सासू लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. घरात ती आणि तिची पाच वर्षांची चिंगी, दोघीच.

नवरात्र आलं. सुनेने पत्रावळीवर काळी माती पसरली, तिच्यात गहू पेरले, वर घट ठेवला, शेजारी दिवा लावला. त्या घरची रीत अशी, की घट बसवणाऱ्या बाईने नऊ दिवस उंबरा ओलांडायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी चिंगी तापाने फणफणली. शेजारीण दारातून म्हणाली, "नदीपलीकडच्या वैद्यबुवांकडे ने गं पोरीला. नाहीतर मी नेते."

"नको वहिनी. देवीच्या कृपेवाचून कुणी बरं होत नाही. घट उगवला, की कृपा झालीच समजा."

पण घट काही उगवेना. पाण्यावाचून कोंब फुटत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून ती पाणी घाली. सकाळी घाली, दुपारी घाली, पुन्हा वाकून बघे. मातीचा चिखल झाला, तरी हिरवं टोक दिसेना.

सहावा दिवस उजाडला. चिंगीने आता पाणी मागणंही सोडलं होतं. सून घटापुढे बसली आणि मनाशी म्हणाली, 'देवी कोपली की घट उगवत नाही. माझा उगवला नाही. म्हणजे देवी कोपलीच!'

तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. सासू आली होती. सून तिच्या गळ्यात पडून रडली. "आत्याबाई, माझं काय चुकलं हो?"

सासूने चिंगीच्या कपाळाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला. मग तिने घटाकडे पाहिलं. चिखलातून चार दाणे उचलून बोटांवर चोळले.

"हे गहू कुठून घेतलेस?"

"फडताळातल्या पितळी डब्यातून."

"अगं बये! ते मी सातूच्या पिठासाठी भाजून ठेवलेले! त्यावर अख्खी नदी ओतलीस तरी उगवायचे नाहीत."

"पण पाण्याने उगवतं ना?"

"पाण्यावाचून उगवत नाही, एवढंच खरं. नुसत्या पाण्याने उगवतं, असं कोण म्हणालं? दाणा जिवंत नको? आणि देवीला कशाला बोल लावतेस? भाजलेला दाणाही उगवत नाहीच की. न उगवायला एकच कारण असतं का?"

सुनेने चिंगीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे... देवीची कृपा हवीच, पण वैद्यही हवा."

"मग बसलीस काय? ऊठ!"

"पण उंबरा? माझा नेम?"

"देवीला दिवा तेवता हवा. त्यापाशी तू बसलीस काय नि मी बसले काय! माझे गुडघे नदी उतरायच्या कामाचे नाहीत, दिव्यात तेल घालायच्या कामाचे आहेत. पळ!"

सुनेने देवीला हात जोडले, पोरीला खांद्यावर घेतलं आणि उंबरा ओलांडला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "आजची संध्याकाळ उलटली असती, तर माझ्या हातात काही उरलं नसतं," असं म्हणत त्यांनी मात्रा उगाळून दिली.

"आता ताप नक्की उतरेल ना?"

"औषधावाचून उतरणार नाही, एवढंच मी सांगतो. पुढे वेळेवर पेज, तुझी जाग आणि तुझी देवी."

दोन दिवस सुनेचा जीव टांगणीला लागला होता. नवव्या दिवशी चिंगीला घाम फुटला, आणि तिने डोळे उघडून गूळभात मागितला.

सासूने पुन्हा पेरलेले गहू दसऱ्याला जेमतेम नखाएवढे झाले होते. परगावाहून आलेल्या बापाने तेवढेच कोंब पागोट्यात खोचले.

दुपारी चिंगी अंगणात मातीवर तांब्याने पाणी ओतत होती. "आई, पाणी घातलं! आता गहू येणार!"

आई हसली, आणि जवळ येऊन बसली. "येतील हं. पण आधी दाखव बघू, दाणे कुठल्या डब्यातले घेतलेस?"

तात्पर्य: जिच्यावाचून काम होत नाही, ती गोष्ट हवीच, पण तेवढ्या एकीनेच काम होईल, असं धरून बसू नये.