राजालाही दिसलं नाही

नदीला पूल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्या फार जुन्या काळची गोष्ट. पाणी ओसरलं की काठची माणसं पात्रातल्या वाळूत कलिंगडं लावत. अशा वाड्यांत गोजराआजीच्या वाडीतली कलिंगडं सगळ्यांत गोड.

कलिंगडं म्हटली की चोर आलेच. पण तिथली एक रीत होती. ज्याच्या वाडीत चोर सापडेल, त्याच्या वेलांना चोरानं वेल वाळेपर्यंत पाणी घालायचं. घागरी वाहून वाहून कंबर मोडायची. आणि फुकटचा पाणक्या कुणाला नको? चोर धरायला सगळे टपलेलेच असत.

राजाला ही शिक्षा म्हणजे पोरखेळ वाटला. त्यानं दवंडी पिटवली, दोनदा सापडलेला चोर तिसऱ्यांदा सापडला तर त्याचा हात तोडायचा.

सटवा नावाचा गडी दोनदा सापडून चुकला होता. थोडे दिवस तो घरात दबून बसला. मग तोंडाला पाणी सुटलंच, आणि आजीनं त्याला आपल्या वाडीत पाहिलं. ती ओरडणार, तोच तिच्या डोळ्यांपुढे तुटलेला हात आला. तिनं तोंड फिरवलं. शेजाऱ्यांनीही तेच केलं. सटवाला हे कळायला कितीसा वेळ? तो भर दुपारी येऊन, टिचक्या मारून पिकलं फळ निवडू लागला. त्याचं बघून दोनदा सापडलेले सगळेच शेफारले. बाजारात न्यायला आता काय उरणार, देठं?

राजा चिडून स्वतः आला. एवढी चोरी होते आणि चोर कुणालाच कसा दिसत नाही, असं विचारत आजीच्या खोपीत बसला. सटवाची यायची वेळ झाली होती. ऊन फार आहे, वाड्यावर जावं, असं आजीनं सुचवून पाहिलं. राजा हलेना.

सटवा आलाच. टिचकी वाजली. राजानं झेप घालून मनगट धरलं, कितव्यांदा म्हणून विचारलं, आणि तिसऱ्यांदा असं ऐकताच तलवार उपसली.

सटवा रडला नाही. म्हणाला, "महाराज, डावा घ्याल का? उजव्यानं पोरीला भरवतो. तिला आई नाही."

आजीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सटवाचं मनगट सुटलेलं होतं आणि राजा नदीकडे बघत होता.

"आजी," तो हळूच म्हणाला, "मला काही दिसलं नाही."

"नाहीच दिसायचं, लेकरा. आम्हालाही हेच झालंय."

राजाला हसू आलं. "मग तिसऱ्यांदा सापडला तर करायचं काय?"

"तिसऱ्यांदा पाणी. चौथ्यांदाही पाणी. पण सापडला म्हणजे सुटता कामा नये."

त्याच दुपारी सटवाच्या खांद्यावर घागर आली, आणि नवी दवंडी फिरली. लोक पुन्हा डोळे उघडे ठेवू लागले. चोरी साफ थांबली असं नाही. पुढल्या साली सटवानं एकदा हात मारलाच, आणि दिवस मावळायच्या आत घागर उचलली. त्यानंतर मात्र त्यानं आजीच्या शेजारीच स्वतःची वाडी लावली. म्हणाला, एवढं पाणी वाहायचंच, तर आपल्या वेलाला वाहू. पहिलं कलिंगड त्यानं आजीला दिलं. आजीनं आधी टिचकी मारून पाहिली.

तर बाळांनो, शिक्षा हलकी असली तरी चालेल, पण ती चुकू नये. आणि इतकी जड तर मुळीच नसावी, की द्यायला कुणाचा हात उचलेना.